ऋषीच्या भाजीचा रस्सा

गणपतीच्या दिवसांत सगळं कौतुक मोदकांच्या वाट्याला येतं आणि ते त्यांना शोभतंही. माझा जीव मात्र चतुर्थीपेक्षा पंचमीत जास्त गुंतलेला असतो. पंचमीला आमच्याकडे ऋषीची भाजी होते. नाव भाजीचं असलं तरी आमच्या घरात ती पातळच करतात, वाटी तोंडाला लावून प्यावी इतकी. त्यात गोडा मसाला नाही, फोडणी नाही, तेलाचा थेंब नाही. पाणी, मीठ, हिरवी मिरची, जरासं आंबट, शेवटी ओलं खोबरं आणि त्या दिवशी परसात जे जे उभं असेल ते सगळं.

पावसाळी हवेत गरम काहीतरी प्यावंसं वाटलं की मी टोमॅटोचं सूप करते, कधी भोपळ्याचं करते, घरात सगळे आवडीने पितात. पण अंगात कणकण असली किंवा दिवसभराचा मनस्ताप घेऊन घरी आलं की मला ते पुरत नाही. तेव्हा आठवतो तो निवळ, किंचित आंबट, किंचित गोड रस्सा आणि वाटीच्या तळाशी बसलेला सुरणाचा तुकडा.

ज्यांच्याकडे ही भाजी होत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. भाद्रपद शुद्ध पंचमी म्हणजे ऋषिपंचमी. कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी आणि वसिष्ठ या सात ऋषींची आणि त्यांच्यासोबत अरुंधतीची पूजा. व्रत करणाऱ्या बायका सकाळी आघाड्याच्या काडीने दात घासतात, न्हातात आणि त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. म्हणजे नांगरलेल्या शेतातलं नाही. रोजचा भात नाही, गहू नाही, डाळ नाही. माझी आजी तेलही वर्ज्य धरायची, कारण घाण्याला तेव्हा बैल जुंपत. गूळही नाही, कारण उसाचा चरक बैलच ओढायचा. मग उरतं काय? डोंगरउतारावर, जिथे नांगर चालतच नाही तिथे कुदळीने खणून केलेली वरी. आणि परसातली भाजी.

आमचं घर कोकणात, देवरुखच्या बाजूला. मोरीचं पाणी जिथे जिरतं तिथे अळू माजलेलं असायचं, त्याच्या पलीकडे सुरण. मांडवावर पडवळ आणि शिराळी. पडवळ वाकडं वाढू नये म्हणून त्याच्या टोकाला सुतळीने लहान दगड बांधलेला असायचा, आणि वारा सुटला की ते सगळे दगड एकदम हलायचे. गोठ्याच्या छपरावर लाल भोपळ्याचा वेल चढलेला. कडेला मका, भेंडीची एक रांग, तांबडा माठ, चवळी. विहिरीकडे जाताना अंबाड्याचं झाड होतं, त्याची कोवळी हिरवी फळं या दिवसांत तयार व्हायची. भाजीला आंबटपणा त्या अंबाड्यांनी यायचा. ज्या वर्षी ती कमी धरायची त्या वर्षी चिंच किंवा आमसुलं.

या सगळ्याचं बी आजीकडे असायचं. भेंडीची जून शेंग, शिराळ्याचं वाळून खुळखुळा झालेलं फळ चुलीवरच्या धुरात टांगलेलं, भोपळ्याच्या बिया राखेत घोळून डब्यात. रोहिणी सरता सरता ती पदर खोचून परसात उतरायची. हातात कुदळ आणि खुरपं. आळी करायची, शेणखत घालायची, बी टोचायची. आजोबा आणि काका तेव्हा भाताच्या रोपांत आणि नांगराच्या जुळवाजुळवीत बुडालेले असायचे. परसाकडे त्यांचं लक्ष नसायचं आणि आजीला ते हवंही नसायचं. तिथे काय कुठे लावायचं हे तिने कधी कुणाला विचारलं नाही.

भाज्या निवडायचं काम चतुर्थीच्या रात्री. आरत्या झाल्या, पुरुषमाणसं ओटीवर भजनाला बसली की माजघरात सतरंजी पसरायची आणि मध्ये भाज्यांचा ढीग. आजी, आई, दोन्ही काकवा, माहेरी आलेली आत्या आणि आम्ही मुली. अळूचे देठ सोलायचं काम काकूचं, कारण तिला खाज सुटायची नाही असा घरात समज होता. खरं म्हणजे ती आधी हातांना चिंच चोळून घ्यायची, ते मी खूप नंतर पाहिलं. मुलींच्या वाट्याला भुईमुगाच्या ओल्या शेंगा आणि चवळीच्या शेंगा मोडणं. माठाचे देठ मात्र आजीच सोलायची. देठ मोडायचा, पण तुटू द्यायचा नाही. एका बाजूची साल अंगठ्याच्या नखात धरून खाली ओढली की लांब तांबूस दोरा निघायचा. मग दुसऱ्या पेराला उलट्या बाजूने. एक दोरा राहिला तरी खाणाऱ्याच्या दातांत अडकतो, असं ती म्हणायची आणि कंदिलाकडे धरून प्रत्येक देठ बघायची. घरात वीज आली तरी ती सवय गेली नाही, फक्त कंदिलाच्या जागी दिवा आला. सोललेले दोरे आम्ही मनगटाला गुंडाळायचो, आणि सकाळी मनगटावर फिकट गुलाबी रेघा असायच्या.

त्या रात्री ज्या गोष्टी बोलल्या जायच्या त्या एरवी कधी ऐकू आल्या नाहीत. हातात काम असलं की माणूस समोरच्याकडे न बघता बोलतं, आणि न बघता बोलता आलं की पुष्कळ काही बोलता येतं. आत्याला सासरी काय सोसावं लागत होतं हे तिने पहिल्यांदा सांगितलं ते शिराळ्याच्या शिरा काढताना. कुणी तिला मध्ये तोडलं नाही, कुणी उपदेश केला नाही. आजीने फक्त तिच्या पुढ्यातली शिराळी आपल्याकडे ओढून घेतली आणि तिला शेंगा दिल्या, कारण तिचे हात थरथरायला लागले होते. दुसऱ्या दिवशी जी भाजी आम्ही खाल्ली तिच्यात ती रात्रही होती, असं मी आज म्हणते. तेव्हा मला फक्त एवढं कळलं होतं, की पंचमीला आत्या नेहमीपेक्षा जास्त जेवली.

शिजवण्यात युक्ती आहे ती क्रमाची. मोठ्या कल्हईच्या टोपात आधी पाणी, ते उकळलं की सुरण, मक्याच्या कणसाचे जाड तुकडे, शेंगदाणे आणि अळूचे देठ. हे निम्मे शिजले की माठाचे देठ आणि चवळी. मग भोपळा आणि पडवळ, मग शिराळी, चिरलेलं अळूचं पान आणि शेवटी भेंडी. आंबट घालायची घाई करायची नाही. आंबट आधी पडलं की भाज्या लवकर मऊ होत नाहीत, सुरण तर टणकच राहतो. आणि आंबट घालायला विसरायचंही नाही, कारण अळू आणि सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घसा खाजतो तो त्यांनीच. म्हणून सुरण बोटाने चेपला जाऊ लागला की अंबाडे ठेचून टाकायचे आणि पुन्हा चांगली उकळी आणायची. मिरच्या नुसत्या मध्ये चिरून. मीठ. टोप वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या मंद आचेवर, सरकवायचा आणि भरपूर ओलं खोबरं घालून झाकण ठेवायचं. खोबरं उकळत ठेवायचं नाही, त्याचा ताजेपणा जातो.

मसाला नाही म्हटल्यावर चव कुठून येते, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. ती सगळीकडून येते. कणसाचा गोडवा पाण्यात उतरतो. भोपळ्याच्या कडा विरघळतात आणि रस्सा पिवळसर होतो. भेंडी आणि अळू त्याला अंग देतात, पीठ लावायची गरज पडत नाही. माठ आपला लालसर रंग सोडतो आणि त्याच्याबरोबर मातीचा वास. तरीही प्रत्येक घासाला कळतं की हे पडवळ, हा सुरण. आमच्या रोजच्या आमटीत, उसळीत मसाल्याची एक ओळखीची चव सगळ्यांवर पसरलेली असते आणि मला ती प्रिय आहे. पण ऋषीच्या भाजीत कुणी कुणाला झाकत नाही. मला वाटतं, थकलेल्या माणसाला जो आराम मिळतो तो यातूनच. जिभेला काही ओळखायचे कष्ट पडत नाहीत.

आता त्या कहाणीबद्दल बोलायला हवं, कारण ती टाळून या भाजीबद्दल लिहिणं मला जमणार नाही. ऋषिपंचमीची कहाणी आजी वाचायची आणि आम्ही ऐकायचो. एका ब्राह्मणाची बायको विटाळ न पाळता घरात वावरते, त्या दोषाने ती पुढच्या जन्मी कुत्री होते आणि नवरा बैल होतो. दोघंही आपल्याच मुलाच्या घरी. श्राद्धाच्या दिवशी खिरीत सापाचं गरळ पडतं, ते पाहून कुत्री खिरीला तोंड लावते, म्हणजे ती कुणी खाऊ नये. सून तिला मारते आणि उपाशी ठेवते. बैलालाही दिवसभर राबवून उपाशीच ठेवलेलं असतं. रात्री दोघं एकमेकांना आपलं दुःख सांगतात आणि मुलगा ते ऐकतो. मग तो रानात ऋषींकडे जातो, आणि ते हे व्रत सांगतात.

लहानपणी मला या कहाणीत रडू यायचं ते बैलासाठी आणि कुत्रीसाठी. मोठी झाल्यावर राग आला तो त्या विटाळाच्या दोषाचा. निसर्गाने दिलेल्या गोष्टीचं पाप कसं होतं, आणि त्याचं प्रायश्चित्त वर्षानुवर्षं बायकांनीच का घ्यायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. आईलाही पटत नव्हतं. तिने एका वर्षी उपास सोडला, पोथी कपाटात ठेवली. आजीला ती कसं सांगणार याची आम्हाला धास्ती होती. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “भाजी करत्येस ना?” आई म्हणाली, “करते तर. ती कशी सोडेन?” “मग झालं,” आजी म्हणाली आणि नारळ खवायला बसली.

त्या दोन शब्दांवर मी पुष्कळ विचार केला आहे. पोथीने या दिवसाचा अर्थ काहीही सांगितलेला असो, टोपात जे शिजत होतं त्याचा अर्थ वेगळा होता. शेत नांगराचं, म्हणून ते बैलांचं आणि पुरुषांचं. परस कुदळीचं आणि खुरप्याचं, म्हणून ते बायकांचं. वर्षातून एक दिवस अख्खं घर, आजोबांपासून पाळण्यातून नुकत्या उतरलेल्या पोरापर्यंत, बायकांनी पिकवलेलं तेवढंच खात होतं. एरवी परसातली भाजी ही भाताच्या बाजूला पानाच्या कोपऱ्यात असायची. पंचमीला तीच पानाच्या मध्यावर. माझ्या आजीने हे असं मांडलं नसतं. पण त्या दिवशी ती वाढताना ज्या ऐटीत सांगायची, “हे पडवळ आपल्या मांडवावरचं, हा सुरण तीन वर्षांचा,” ते मी पाहिलेलं आहे.

आणि या बायकांची नजर किती मोकळी होती, ते भाजीतल्या भाज्यांवरूनच दिसतं. अळू, सुरण, पडवळ, शिराळी या आपल्या बाजूच्या जुन्या भाज्या. भेंडी मूळची आफ्रिकेची समजतात. मका, लाल भोपळा, भुईमूग आणि मिरची या चारही गोष्टी मूळच्या अमेरिकेच्या. कोलंबस तिकडे 1492 साली पोचला आणि वास्को द गामा कालिकतला 1498 साली, त्यानंतरच त्या इकडे आल्या. म्हणजे ऋषींच्या नावाने जी भाजी आपण करतो तिच्यातलं निम्मं ऋषींच्या काळात इथे नव्हतंच. कधीतरी कुणा पणजीच्या पणजीने परसात नवं कणीस उगवलेलं पाहिलं असेल, हे कुठलं असा प्रश्न न करता हे कसं उगवलं एवढंच पाहिलं असेल. बैल लागला नाही ना? मग टोपात जाऊ दे. परंपरा म्हणून मला कुणी काही दाखवायचं असेल तर मी हे दाखवीन.

आमचा गणपती दीड दिवसाचा, म्हणजे पंचमीलाच विसर्जन. दुपारी जेवणं व्हायची, चार वाजता उत्तरपूजा, मग डोक्यावर पाट घेऊन नदीकडे. पाऊस हटकून गाठायचा. परत येईपर्यंत सगळे ओलेचिंब, पाटावर नदीची थोडी वाळू, आणि मखर रिकामं. लहानपणी त्या रिकाम्या मखराकडे मला बघवायचं नाही. आजी तेव्हा काही समजावत बसायची नाही. दुपारची उरलेली भाजी ती नदीवर निघतानाच वैलावर ठेवून यायची. आम्ही कपडे बदलून स्वयंपाकघरात गेलो की प्रत्येकाला एक-एक वाटी. सकाळच्या भाजीपेक्षा ही दाट, सुरण पार मऊ, खोबऱ्याचा गोडवा आत मुरलेला. आदल्या दिवशीच्या मोदकांनी आणि दुपारच्या जेवणाने जड झालेल्या पोटाला तेवढंच हवं असायचं. नाक वाहत असायचं, पायांना चिखल लागलेला असायचा आणि आम्ही भिंतीला टेकून फुंकर घालत पीत असायचो.

बाबांचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही पुण्यात होतो. घरी आल्यावर त्यांची अन्नावरची वासनाच उडाली. मुगाचं कढण दोन घोट घेऊन बाजूला ठेवायचे, भाताची पेज नको म्हणायचे. आमच्या ओळखीच्या वैद्यबाईंनी आईला समजावून सांगितलं, की आयुर्वेदात शोधनानंतर, म्हणजे शरीरशुद्धीच्या उपचारांनंतर, माणसाला जेवणावर आणायचा एक क्रम आहे, त्याला संसर्जन क्रम म्हणतात. आधी पेया म्हणजे पातळ पेज, मग विलेपी म्हणजे दाट पेज, मग अकृत यूष म्हणजे तूप-मीठ-मसाला काही न घातलेलं कढण, मग ते सगळं घातलेलं कृत यूष. जठराग्नीवर एकदम ओझं टाकायचं नाही. आई ते ऐकत होती आणि मधेच म्हणाली, “म्हणजे आमच्या ऋषीच्या भाजीचं पाणी!” शास्त्राला ते तंतोतंत धरून होतं का, ते वैद्यच जाणोत, पण डॉक्टरांनी भाज्यांचं पातळ काहीही चालेल म्हणून सांगितलेलंच होतं. दिवस फेब्रुवारीचे. पडवळ मिळालं नाही, चांगलं अळूही नाही. लाल भोपळा, दुधी, माठ, मक्याचं कणीस आणि थोडं आमसूल एवढ्यावर तिने रस्सा केला, मिरची न घालता, आणि गाळून दिला. बाबांनी वास घेतला. मग विचारलं, “आज काय पंचमी आहे?” आईने हो म्हटलं. त्यांनी वाटी संपवली. पुढचे कितीतरी दिवस आमच्याकडे रोज पंचमी होती, हळूहळू रस्सा गाळायचा थांबला, मग त्यात भाज्यांचे तुकडे दिसू लागले, आणि ज्या दिवशी बाबांनी मिरची मागितली त्या दिवशी आई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

पुण्यात आता पंचमीच्या आदल्या दिवशी मंडईत ऋषीच्या भाजीचे तयार वाटे मिळतात. एका वाट्यात सगळ्या भाज्या थोड्या थोड्या, अळूच्या जुडीसकट. नोकरी करून घर चालवणाऱ्या बाईला याहून सोय दुसरी नाही आणि मीही तेच आणते. मात्र निवडायला मी एकटी बसत नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू नगरच्या, त्यांच्याकडे ही भाजी नव्हती. आता त्याही विळी घेऊन येतात. जावेची मुलगी येते. मुलगा शेंगा सोलतो आणि निम्म्या खातो.

मध्यंतरी त्या मुलानेच विचारलं, की गावाला तर आता काका पॉवर टिलर लावतात, घाण्यालाही मोटर आहे, बैल कुठेच नाही. मग या भाजीत तेल का नाही चालत आणि भात का नाही? प्रश्न बरोबर होता. नियमाच्या शब्दाने बघितलं तर हल्ली सगळंच चालतं. मी त्याला आजीचं परस सांगितलं, तिची कुदळ, राखेतल्या बिया, पडवळाचे दगड. तो म्हणाला, “मग आपलं तर त्यात काहीच नाही, सगळं मंडईतलं.” त्याच आठवड्यात गावच्या काकूला मी फोन केला. तिने भेंडीच्या आणि तांबड्या माठाच्या बिया कागदात बांधून येणाऱ्याबरोबर पाठवल्या आणि बजावलं, की माठ दाट पेरू नका, दोन रोपांत अंतर ठेवा, नाहीतर देठ बारीक राहतात आणि सोलायला काही उरत नाही. गच्चीवर दोन जुने टब होते. बी पोरानेच टोचलं, कुदळ नव्हती म्हणून उलथन्याने. माठ चांगला वर आला आहे. भेंडीला अजून फूल नाही, आणि पंचमीपर्यंत येईल असं वाटत नाही, तेव्हा भेंडी वाट्यातलीच घालावी लागेल.